वरच्या कोपऱ्यातलं मूळ गाव

बेकारांचाही सत्कार होतो हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. तोवर मी एका दैनिकाच्या सातारा आवृत्तीत मुद्रितशोधक होतो. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे चुका काढायचं काम यापुढं यंत्र करणार होतं. ते काढत नाही हे रोज सकाळी चहाबरोबर दिसतं, पण यंत्राला पगार लागत नसल्यामुळं त्याच्या चुका परवडतात. मी सात महिने घरी होतो. येणाऱ्या लग्नपत्रिकांवर लाल पेन्सिल फिरवत होतो. शेवटी बायकोनं, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, एक पत्रक माझ्यासमोर ठेवलं. 'रोजगार सज्जता प्रशिक्षण', तीन महिने, मलकापूर, वयाची अट पंचावन्न.

"तिथं शिकण्यासारखं काही नसेलही," ती म्हणाली, "पण सकाळी आठला तुम्ही घराबाहेर पडाल."

मी एसटीचा पास काढला.

कराडला चिकटून असलेल्या मलकापुरात, महामार्गाच्या सेवा रस्त्यावर एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावर आमचं प्रशिक्षण होतं. ज्या संस्थेला ते चालवायला मिळालं होतं तिनं मुहूर्त नसलेल्या दिवसांसाठी जागा घेतली होती. मुहूर्त निघाला की आम्ही चाळीसजण भटारखान्यात, पालथ्या घातलेल्या कढयांच्या मध्ये बसून संवादकौशल्य शिकायचो. संस्थेचं ऑफिस 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत आणि संगणक 'वरपक्ष' लिहिलेल्या खोलीत. स्टेजवर लाल मखमलीच्या दोन सिंहासनासारख्या खुर्च्या कायमच्या होत्या. सराव मुलाखतीच्या वेळी मुलाखत घेणारा नवरदेवाच्या खुर्चीत बसे आणि देणारा समोर प्लास्टिकच्या स्टुलावर. नोकरी देणाऱ्याचं आणि मागणाऱ्याचं नातं इतक्या प्रामाणिकपणे मांडलेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

उद्घाटनाचे पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. समई विझू नये म्हणून पंखे बंद ठेवले होते, त्यामुळं त्यांची वाट आम्ही घामात पाहिली. आल्यावर त्यांनी सांगितलं, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. चाळीस बेकारांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रशिक्षणार्थींच्या वतीनं, सर्वांत ज्येष्ठ म्हणून, मला शाल आणि नारळ देण्यात आला. तो नारळ घेऊन मी घरी गेलो तेव्हा बायकोनं विचारलं, "कशाबद्दल?"

"सात महिन्यांच्या सातत्याबद्दल," मी म्हणालो.

हजेरी अंगठ्याची होती. सकाळी साडेनऊला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा. ऐंशी टक्के अंगठे भरले नाहीत तर प्रमाणपत्र नाही. पहिल्याच आठवड्यात लोकांनी यातून वाट काढली. सकाळी अंगठा द्यायचा, मोटारसायकलला किक मारायची, उसाला पाणी सोडायचं, भांगलण बघायची, जेवून एक डुलकी काढायची आणि पाचला अंगठा द्यायला हजर. दुसऱ्या आठवड्यात संस्थेनं जिन्याच्या सरकत्या जाळीला कुलूप घातलं. किल्ली कुणाकडं द्यायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. ती आपोआप फौजीकडं गेली.

फौजी रहिमतपूरकडचा. सतरा वर्षं सैन्यात होता आणि त्यातली बरीचशी त्यानं वायरलेस संच दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यापासून ज्यानं त्यानं त्याला फाटकावरच्या वॉचमनची वर्दी देऊ केली होती. खंडाळ्याकडचे कारखाने असोत की कराडची हॉस्पिटलं, माजी सैनिक म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर फाटक येतं. ते टाळण्यासाठी तो इथं आला होता.

"हितं तरी पयलं काय हातात दिलं?" किल्ली दाखवत तो मला म्हणाला. "कुलूप."

तरी त्यानं ते काम चोख केलं. दुपारी कुणीतरी जाळीला लटकायचंच.

"फौजी, उघड की गड्या. म्हस अडलीया घरी."

"मग डाक्टर बोलव. तू जाऊन काय करणार हाईस तिला, संवादकौशल्य?"

जाळीतून महामार्ग दिसायचा. पुण्याकडं जाणारे ट्रक, कोल्हापूरकडं जाणारे ट्रक. चाळीस प्रौढ माणसं जेवणाच्या सुट्टीत जाळीला नाक लावून ते बघत उभी राहायची. फौजी आतच असायचा. त्यानं स्वतःलाही कोंडून घेतलं होतं, फक्त किल्ली खिशात होती एवढाच फरक.

शेवटच्या रांगेत खिडकीशी एक बाई बसायच्या. बेचाळीसच्या असतील. पहिल्या दिवशी प्रशिक्षकानं प्रत्येकाला उभं करून आपापली बलस्थानं सांगायला लावली. प्रशिक्षक म्हणजे पुण्याहून आलेला सव्वीस वर्षांचा, टाय लावणारा, घाम पुसणारा, मनानं चांगला मुलगा. माणसं उठून उठून आपण प्रामाणिक, कष्टाळू आणि वक्तशीर असल्याचं सांगत होती. या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मला काय येत न्हाई सर. घरीच हुते." फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात त्यानं आडवी रेघ मारली.

ती रेघ खोटी आहे हे मला फौजीच्या अंगठीमुळं कळलं. जेवणाच्या सुट्टीत तो बोटातली अंगठी सगळ्यांना दाखवत होता. कुठल्याशा छावणीतल्या जोडीदाराकडून घेतलेली, अस्सल सोन्याची. बाईंनी ती मागून घेतली. तळहातावर दोनदा झेलली, फरशीवर एकदा टाकली आणि मान कलती करून आवाज ऐकला.

"चांगली हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "जपून ठिवा."

तो गेल्यावर मी विचारलं, "खरंच चांगली आहे?"

"निम्म्याच्या वर तांबं हाय. पर आता बोटात बसलीया, सांगून काय करायचं?"

त्या खानापूर भागातल्या. तिकडच्या कोरड्या माळावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, सोनाराच्या झाडलोटीच्या मातीतूनसुद्धा सोनं काढायचं. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात मागच्या बोळात गेलात तर भट्टीपुढं हीच माणसं भेटतील. बाई लग्न होऊन तमिळनाडूतल्या एका शहरात गेल्या आणि वीस वर्षं तिथं राहिल्या. आम्लाच्या धुरानं नवऱ्याची छाती गेली. शेवटची सहा वर्षं तो मागच्या खाटेवर खोकत पडला होता आणि पुढं दुकान बाई चालवत होत्या. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस सांगायचा, वजन करायचं, तमिळमधून घासाघीस करायची, सगळं त्याच. नवरा गेल्यावर दुकान दिरानं हातात घेतलं. कागदोपत्री ते दोघा भावांचं होतं, बाईंचं नाव कुठंच नव्हतं.

"वैनी, तुमी कुठं जाताय?" दीर म्हणाला होता. "हितंच ऱ्हावा. आठ कामगारांच्या भाकरीला माणूस लागतोयच की."

ज्या दुकानात सहा वर्षं सोनं पारखलं त्याच्या मागच्या चुलीवर बसायला नको म्हणून बाई आपल्या भावाकडं मलकापूरला आल्या. मूलबाळ नव्हतं. भावानं एक खोली दिली, पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलेलं होतं आणि नव्या जोडप्याला ती खोली लागणार होती. प्रशिक्षण संपेपर्यंत राहा, असं ठरलं होतं. म्हणजे तीन महिन्यांत नोकरी, नाहीतर चूल. दीर मधूनमधून फोन करायचा, अगदी वर्गात. बाई मोबाइल कानाला लावून जाळीपाशी जायच्या, पण तो इतका मोठ्यानं बोलायचा की आम्हालाही ऐकू यायचं.

"संपली का शाळा, वैनी? पास झालासा का?"

"न्हाई अजून."

"हितं कामगार हाटेलातल्या इडलीवर जगत्यात. बघा."

दुसऱ्या महिन्यात परिचयपत्रं लिहायचं प्रकरण सुरू झालं. भाषा येणारा म्हणून प्रशिक्षकानं ते काम माझ्यावर टाकलं आणि मी, इतके महिने कुणी काही विचारलेलं नसल्यामुळं, गुपचूप खूश झालो. बाईंच्या फॉर्मवरची आडवी रेघ मी खोडली. 'सुवर्ण परीक्षण व शुद्धीकरण व्यवसायाचा सहा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव', असं लिहिलं. 'मराठी, हिंदी, तमिळ अस्खलित', असं लिहिलं. त्यांनी ते मला वाचून दाखवायला सांगितलं आणि ऐकल्यावर विचारलं, "ही बाई कोण म्हनायची?"

प्रशिक्षकाचा एक नियम होता. परिचयपत्रात गाव नको, जात नको, वडील नको, नवरा नको. "काका, समोरचा माणूस गाव बघून घेतो नाहीतर गाव बघून टाळतो," तो म्हणाला. "दोन्ही वाईट. त्याला फक्त काम दिसू दे."

मला हे पुण्याचं शहाणपण वाटलं. तिथं शेजाऱ्याचं आडनाव दारावरच्या पाटीवर वाचतात. आमच्याकडं कुठल्याही कचेरीत जा, पहिला प्रश्न 'गाव कुठलं', दुसरा 'कुणापैकी', आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत चहा येतो. गाव सांगितल्याशिवाय माणूस माणसाला दिसतच नाही. हे त्या टायवाल्या मुलाला कोण सांगणार? मी तीस वर्षं सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांच्या बातम्या वाचलेला माणूस. मी बाईंच्या कागदावर वरच्या उजव्या कोपऱ्यात, ठळक अक्षरात, 'मूळ गाव' लिहिलं.

"सासरचं लिवायचं का म्हायेरचं?" त्यांनी विचारलं.

"सासरचं. गलाईवाल्यांचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. ओळख निघाली तर फायदाच होईल."

प्रशिक्षकानं तो कागद बघितला, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या वयाचा मान राखून पुढचा कागद उचलला.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीला रोजगार मेळावा होता. संस्थेनं एक गाडी केली. मेळावा म्हणजे मैदानात मांडव, मांडवात टेबलं, टेबलांवर कंपन्यांची नावं आणि टेबलांपुढं रांगा. ध्वनिक्षेपकावरून एकजण सारखा सांगत होता की आज इथून कुणीही रिकाम्या हातानं जाणार नाही. प्रत्येकाला एक पिशवी, एक पेन आणि एक माहितीपत्रक मिळत होतं, तेव्हा ते खरंच होतं. फौजीला आत पाऊल टाकताच तीन सुरक्षा कंपन्यांनी हेरलं. तो त्यांच्याकडं न बघता मोबाइल दुरुस्तीच्या टेबलाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

बाईंचं टेबल मी आधीच शोधून ठेवलं होतं. सोनं तारण ठेवून कर्ज देणारी दक्षिणेतली एक कंपनी, सांगलीतली शाखा, आणि त्यांना सोनं पारखणारा माणूस हवा होता. इतकी नेमकी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. टेबलामागं शाखेचा मॅनेजर, तिशीतला, आमच्याच बाजूचा. त्याच्या मागं खुर्चीत मुख्य कचेरीतून आलेले पांढऱ्या शर्टातले एक अधिकारी बसले होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि ते ते लपवतही नव्हते.

मॅनेजरनं कागद हातात घेतलाच नाही. त्यानं एका ट्रेमध्ये सहा दागिने मांडले, कसोटीचा दगड आणि आम्लाची बाटली पुढं सरकवली.

"बघा."

बाई खुर्चीत बसल्या. मी मागं उभा होतो. त्यांच्या पाठीचा कणा तीन महिन्यांत कधी नव्हता इतका सरळ झाला, आणि तो प्रशिक्षकानं शिकवलेला सरळपणा नव्हता. चार दागिन्यांच्या रेघा त्यांनी दगडावर ओढल्या आणि कस सांगितले. पाचवा हातात घेऊनच खाली ठेवला.

"हे वरनं सोनं हाय. आत चांदी."

"आणि हे?"

सहावं एक जाड कडं होतं. त्यांनी त्याचा सांधा नखानं चाचपला. "ह्यात लाख भरलीया. वजन धराय गेलं तर फसाल."

मागच्या अधिकाऱ्यांनी मोबाइल खाली ठेवला. मॅनेजर हसला. त्याच्या हसण्यात सुटका होती. सकाळपासून त्या कड्यानं बरेच जण फसवले असावेत.

"सोमवारपासून या," तो म्हणाला. "कागद करून घेऊ." आणि नाव उतरवून घ्यायला त्यानं परिचयपत्र ओढलं.

त्याची नजर वरच्या उजव्या कोपऱ्यात गेली.

"हे गाव तुमचं?"

"सासर."

"कुणापैकी?"

बाईंनी घर सांगितलं.

"वरच्या आळीत का खालच्या?"

"वरच्या. चावडीच्या मागं."

मी मनात म्हणालो, निघाली ओळख. मॅनेजर उभा राहिला.

"म्हंजे मामी लागता तुमी," तो म्हणाला. आता त्याची भाषाही बदलली होती. "मी तुमच्या गावचा जावई." त्यानं बायकोच्या माहेरचं घर सांगितलं. ते बाईंच्या भावकीतलं, दोन दारं सोडून. लग्न झालं तेव्हा बाई तिकडं तमिळनाडूत होत्या, म्हणून तोंडओळख नव्हती. नात्यानं त्या त्याच्या चुलत सासू, आणि सासूला आमच्याकडं मामी म्हणतात.

बाईंचा हात डोक्याकडं गेला आणि पदर पुढं आला. त्या खुर्चीतून उठल्या. जावयासमोर खुर्चीत बसायचं नसतं. तीन महिने आम्हाला शिकवलं होतं, ताठ बसा, डोळ्यांत बघा, आवाज मोकळा ठेवा. ते सगळं एका श्वासात गेलं आणि त्या जागी भावकीतली एक सून मान खाली घालून उभी राहिली. मॅनेजर टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मागची रांग हे बघत होती. नोकरी मिळवायची ही कुठली नवी पद्धत, असा प्रश्न दोघातिघांच्या चेहऱ्यावर होता.

"बसा मामी. चहा सांगतो."

"नको. लेकीच्या घरचं कसं घिऊ?"

"हे घर न्हाई मामी, कंपनीचं टेबल हाय."

"तुमचंच की."

मग तो कागद हातात फिरवत हळू आवाजात बोलायला लागला, आणि मला दिसत होतं की त्याला खरंच वाईट वाटतंय.

"मामी, माझ्याकडनं हे व्हायचं न्हाई. सकाळी तुमी शटर वर करायचं आन् मी आत बसून घंटी मारायची? घरात कळलं तर जेवाण मिळायचं न्हाई मला. गावात तर तोंडच दावाय नको. आन् कधी तुमचं काय चुकलं, तर मी बोलायचं कसं?"

"चुकायचं न्हाई."

"ते बघितलं मी आत्ता."

मी मध्ये पडलो. म्हणालो, साहेब, पगार तुम्ही थोडाच देणार आहात, कंपनी देणार.

"पगार कंपनी देती," तो म्हणाला, "रजा माझ्याकडं मागाय लागती."

मी बाईंकडं बघितलं, त्या काहीतरी म्हणतील म्हणून. त्या म्हणाल्या, "खरं हाय भाऊ त्येंचं."

हे मला सगळ्यात जड गेलं. अडवणारा अडवत होता तो आदरानं, आणि अडलेलीला ते पटत होतं. दोघांच्या मध्ये कुलूप नव्हतंच, त्यामुळं किल्ली कुणाकडं मागायची तेही कळेना. आणि ही भिंत उभी केली होती मी, ठळक अक्षरात, वरच्या उजव्या कोपऱ्यात. टायवाला मुलगा बरोबर होता. आयुष्यभर मी इतरांच्या चुका काढल्या. ही एक माझी स्वतःची, छापून गेलेली.

मागचे अधिकारी पुढं वाकले आणि त्यांनी मॅनेजरला इंग्रजीत विचारलं, झालं काय? मॅनेजरनं इंग्रजीत जावई समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो इंग्रजीत काही केल्या मावेना. गावाचा जावई म्हणजे सगळ्या गावाचा, म्हणजे या माझ्या सासू, म्हणजे सख्ख्या नव्हेत. अधिकाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या.

मग बाई तमिळमध्ये बोलल्या.

मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण आवाज कळला. तो वेगळा होता, खालच्या पट्टीतला, गिऱ्हाइकाला थांब म्हणणारा. पदर खांद्यावर आला, एक हात टेबलावर टेकला. त्या भाषेत त्यांना जावई नव्हता. अधिकारी आधी दचकले, मग ऐकत राहिले, मग हसले आणि मान डोलावली. त्यांच्याकडंही सासवा असणारच. त्यांनी काही विचारलं, बाईंनी एका शहराचं नाव घेतलं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. बाई बोटानं कसोटीच्या दगडावरची एक रेघ पुसत राहिल्या. शेवटी दोन शब्द बोलल्या आणि त्यांचं कार्ड घेऊन निघाल्या. मॅनेजर मांडवाच्या दारापर्यंत पोचवायला आला.

परतीच्या गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. पुढच्या सीटवर फौजी होता. मोबाइलवाल्यांनी त्याला वय जास्त म्हणून परत पाठवलं होतं आणि त्याच्या मांडीवर एका सुरक्षा कंपनीचा फॉर्म होता, कोरा.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"हितं न्हाई जमत तर तिकडं ये म्हनले. तिथल्या शाखेत आठ महिने झालं पारखणारा न्हाई."

"तिकडं म्हणजे?"

"त्याच शहरात भाऊ. त्याच बाजारात. शाखेच्या पायरीवर हुबं ऱ्हायलं की दिराचं दुकान दिसतंय." जरा थांबून त्या म्हणाल्या, "सांजपतोर कळवते म्हनून आले."

मी माझी चूक कबूल केली. म्हणालो, गावाची ओळ मी हट्टानं लिहिली. ती नसती तर सोमवारी तुम्ही सांगलीत कामावर असता.

त्यांनी थोडा विचार केला. "सोमवारी असते. मंगळवारी त्यानं डबा खाताना इचारलंच असतं, गाव कुठलं. मग लागलेली नोकरी सोडाय लागली असती." खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "तुमी लिवलं म्हनून एक दिस वाचला. लय मनाला लावून घिऊ नगा."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझ्या चुकीनं काही बिघडलं नव्हतं याचा अर्थ मी बरोबर असतो तरी काही सुधारलं नसतं, एवढाच होता.

कासेगावच्या पुढं त्यांचा फोन वाजला. दीर. गाडीतल्या सगळ्यांना ऐकू येईल असा.

"काय वैनी, मेळावा झाला का? लागली का कलेक्टरची नोकरी?"

"लागली."

"कुठं?"

"तिकडंच. तुमच्या बाजारात, सोनं तारणवाल्यांच्यात. म्होरल्या म्हयन्यात येते."

"म्हंजे हितंच ऱ्हाणार की. बरं झालं. मागली खोली झाडून ठिवतो. दिवसा तिकडं जावा, सांजच्या भाकरी..."

"मी तुमच्याकडं न्हाई ऱ्हाणार."

"मग कुठं ऱ्हाशीला? त्या गल्लीत एकट्या बाईला खोली कोण देतंय? समदे घरमालक माझ्या वळखीचे हाइत वैनी."

फौजी अर्धा वळून बसला होता. दीर म्हणत होता ते खरं होतं हे बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तीन महिन्यांपूर्वी ज्या गल्लीतून त्या निघाल्या त्याच गल्लीच्या तोंडाशी परत उभ्या होत्या, फक्त या वेळी हातात एक कार्ड होतं.

"घरमालक तुमच्या वळखीचे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकं माझ्या वळखीची हाइत. बघू."

त्यांनी फोन बंद केला, पिशवीतून ते कार्ड काढलं आणि मोबाइलबरोबर माझ्या हातात दिलं.

"भाऊ, ह्यावरचा नंबर जरा लावून द्या, येते म्हनून कळवते. आकडे लय बारीक हाइत."

मी चष्मा पुसला आणि नंबर लावला. पलीकडून तमिळमध्ये कुणीतरी बोललं, मी घाईघाईनं फोन त्यांच्याकडं दिला. मलकापूर येईपर्यंत त्या बोलत होत्या. मधेच दोनदा हसल्या, एकदा घासाघीस करावी तसं कुणाला तरी चांगलंच झापलं असावं. मंगल कार्यालयापुढं गाडी थांबली. कसलातरी मुहूर्त होता, बँड वाजत होता, आणि आमचा वर्ग उद्या भटारखान्यात भरेल असा निरोप घेऊन प्रशिक्षक दारात उभा होता. बाईंनी बोलणं न तोडता हातानंच मला येते म्हणून सांगितलं आणि भावाच्या घराच्या बोळात वळल्या.